पत्र्यावर उमटलेलं गाणं

दुभाष्यांच्या कार्यालयातून फोन आला तेव्हा ताई दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होती. एका बहिऱ्या बाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टर काय म्हणतात ते बाईला हातांनी आणि बाई काय विचारते ते डॉक्टरांना तोंडाने, असं तिने सकाळभर चालवलं होतं. गेली सव्वीस वर्षं ती हेच करत आली होती. दवाखाने, शाळा, नोकरीच्या मुलाखती, आणि सगळ्यात जास्त कोर्ट. सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. खुणांची भाषा तिला शिकावी लागली नव्हती. आई-वडील दोघेही जन्मापासून बहिरे, त्यामुळे बोलायच्या आधी तिचे हातच चालू लागले होते.

"एक कार्यक्रम आहे," कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. "गाण्याचा."

"बहिऱ्यांसाठी? गाण्याचा?"

"पाच जणांनी तिकिटं काढलीयेत आणि दुभाषी मागितलाय. नियमाने द्यावाच लागतो. चौघींना विचारून झालं, चौघींनी हात झटकले."

"का बरं?"

"थ्रॅश मेटल आहे ना."

ताईने नुसतं 'हं' म्हटलं. हे काय प्रकरण असतं ते तिला माहीत नव्हतं. आणि आलेलं काम नाकारायचं नाही, ही तिची जुनी खोड.

संध्याकाळी गाण्यांची यादी आली. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर छोटा स्पीकर ठेवला, वही-पेन घेतलं आणि पहिलं गाणं लावलं. भांड्यांचं आख्खं दुकान कुणी जिन्यावरून ढकलून दिलं असावं, आणि दुकानदार मागून शिव्या देत धावत येत असावा, असं काहीतरी होतं ते. दुसरं गाणं तसंच, तिसरंही तसंच. कुठे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं तेही कळेना. तिचं डोकं भणभणलं.

आई समोर भाजी निवडत बसली होती. त्र्याहत्तर वर्षांची, काटक, आयुष्यभर शिवणकाम केलेली. तिने टेबलावर तळवा ठेवला आणि भुवया उंचावल्या. "शेजारी कोण ठोकतंय?" तिने हातांनी विचारलं.

"कुणी नाही. गाणं आहे."

"गाणं?" आईने तळवा तसाच ठेवला, थोडा वेळ डोळे मिटले. मग म्हणाली, "बरंय की. ह्या माणसाला काहीतरी सांगायचंय."

ताईला हसू आलं. ऐकू येणाऱ्या लेकीला नुसता गोंगाट ऐकू येतोय, आणि आईला म्हणे त्यात काहीतरी सांगणं दिसतंय!

ज्याने दुभाषी मागितला होता तो माणूस वेल्डर होता. आधी भेटून तयारी करू, असा त्याचा निरोप आला, म्हणून रविवारी दुपारी ताई त्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक बारीक डाग. भिंतीला टेकवलेल्या लोखंडी जाळ्या, कोपऱ्यात गॅसची नळकांडी, आणि मधोमध एक मोठा पोलादी पत्रा. पत्र्याखाली दोन भलेमोठे स्पीकर आडवे घातलेले.

"तुला ह्यातलं काय आवडतं?" ताईने सरळच विचारलं. "राग मानू नकोस. मला ऐकू येतं, तरी मला ह्यात काही सापडत नाहीये."

"चौदा वर्षांचा होतो," वेल्डर म्हणाला. त्याचे हात मोठे होते, खुणाही मोठ्या. "थोरल्या भावाच्या खोलीत स्पीकरला टेकून झोपलो होतो. भावाने आवाज वाढवला. मी ताडकन उठून बसलो. मला वाटलं, कुणीतरी माझ्याशी बोललं. माझ्या तोंडाकडे न बघता, दया न करता, थेट इथे." त्याने छातीवर थाप मारली. "बाकीची गाणी येईपर्यंत हवेत विरून जातात. ही येतात."

मग तो म्हणाला, "करून दाखव."

ताईने यादीतलं सगळ्यात मोठं गाणं निवडलं. त्याचं नाव 'साक्ष'. आठ मिनिटांचं. एका माणसाला न केलेल्या गुन्ह्यासाठी पिंजऱ्यात उभं केलंय आणि त्याचं कुणी ऐकून घेत नाही, अशी त्याची गोष्ट. शब्द तिने पाठ केले होते. तिने ते एकामागून एक, स्वच्छ, व्याकरणशुद्ध खुणांमध्ये मांडले. गायक इतक्या वेगात सुटला होता की तिची दमछाक झाली, पण एक शब्द सोडला नाही.

वेल्डरने मोठी जांभई दिली.

"बातम्या झाल्या," तो म्हणाला. "गाणं कधी सुरू होणार?"

ताईचा चेहरा लाल झाला. सव्वीस वर्षांत तिच्या कामाला असं कुणी नावं ठेवली नव्हती. ती पर्स उचलणार, एवढ्यात त्याने तिला हाताने थांबवलं, कोपऱ्यातून एक डबा आणला आणि त्यातली लोखंडाची बारीक भुकटी मूठभर पत्र्यावर पसरली. मग गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

सुरुवातीला एकटीच गिटार होती, हळू, एकेक तार सुटी वाजवत. भुकटी जेमतेम थरथरत होती. मग एकदम सगळे तुटून पडले, आणि पत्र्यावरची भुकटी उभी राहिली. ताई बघतच राहिली. ती कशीही उधळत नव्हती. प्रत्येक ठोक्याला उडत होती, त्याच जागी पडत होती, पुन्हा उडत होती. गिटारचा एखादा सूर लांबला की सरकत सरकत तिच्या वळणदार रेघा होत होत्या. सूर बदलला की रेघा मोडून दुसऱ्या तयार. तीनदा तेच घडलं, आणि चौथ्यांदा शेवटी एक वेगळं वळण. पुन्हा तीनदा तेच, आणि चौथ्यांदा ते वळण.

"थांब," ताई म्हणाली. "पुन्हा लाव."

ह्या वेळी तिने डोळे पत्र्यावर ठेवले आणि कान गाण्यात. आणि जे पत्र्यावर दिसत होतं ते तिला पहिल्यांदाच ऐकू आलं. चौथ्यांदा येणारं ते वळण तिथे होतं, घरी सगळ्या गदारोळात तिने ते बारा वेळा ऐकूनही ऐकलं नव्हतं. हा गोंगाट नव्हताच. घड्याळवाल्यानेसुद्धा मान डोलवावी इतकं ते नेमकं होतं. चार माणसं जिवाच्या आकांताने धावत होती, आणि एकाचंही पाऊल चुकत नव्हतं.

"पुन्हा," ती म्हणाली.

असं सात वेळा झालं. सातव्या वेळी वेल्डरने तिचा तळवा धरून पत्र्याच्या कडेला ठेवला. "हे बघ. इथे तो तळहाताची कड तारांवर दाबून धरतो. तारेला ओरडायचंय, तो ओरडू देत नाही. दाबलंय, दाबलंय, दाबलंय..." त्याची मूठ छातीशी घट्ट आवळलेली, थरथरणारी. "आणि आता हात उचलला." त्याची मूठ उघडली आणि हात सबंध अंग घेऊन वर गेला.

ताई जवळच्या स्टुलावर बसली. तिला काय झालं ते त्याला कळेना. त्याने गाणं बंद केलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"कोर्टात एक माणूस होता," बाटली बाजूला ठेवून तिने हात उचलले. "कोण, कुठला ते सांगायचं नसतं मला. अकरा महिने आत होता. कारण अकरा महिने कुणाच्या डोक्यातच आलं नाही की ह्याला दुभाषी लागेल. मी गेले तेव्हा तो पिंजऱ्यात उभा राहून दोन्ही हातांनी अक्षरशः किंचाळत होता. मी तसंच मोठ्याने बोलायला लागले. जज्जसाहेब म्हणाले, बाई, आवाज खाली, शांतपणे सांगा. मग मी शांतपणे सांगितलं. 'मी अकरा महिने ओरडतोय.' असं. सपाट. घड्याळाची वेळ सांगावी तसं."

वेल्डरने मान हलवली.

"तो सुटला," ती म्हणाली. "पण त्याचं ओरडणं माझ्याकडेच राहिलं."

मग ती उठली, पत्र्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "लाव. आता शब्द नकोत. आधी मला तार दाबायला शिकव."

कार्यक्रमाला पाच आठवडे होते. आठवड्यातून तीन संध्याकाळी ताई वर्कशॉपमध्ये जाऊ लागली. वेल्डर आणि ती मिळून एकेक गाणं उकलत. ड्रमर दोन पायांनी दोन मोठे ड्रम बडवतो, ते कुठे दाखवायचं? खांद्यांत. बास गिटार? पोटातून, गुडघे किंचित वाकवून. दोन गिटारी एकत्र वर चढतात, त्या कशा? दोन्ही हातांची बोटं शेजारी शेजारी, जिन्यावरून पळणाऱ्या दोन बहिणींसारखी. एक पुढे गेली की दुसरी तिला गाठते. शब्द लागतील तेवढेच ठेवायचे, बाकीचं अंगाने सांगायचं.

बसमध्ये येता-जाता तिच्या कानात ह्या बँडच्या तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या रेकॉर्ड असत. शेजारच्या प्रवाशाला वाटे, ह्या चष्मेवाल्या बाई भजनंच ऐकत असणार. जुन्या रेकॉर्डमधला खरखरीतपणा तिला आवडायला लागला. ह्या लोकांनी काही लपवलेलं नव्हतं. गिटारवर बोट घासल्याचा आवाज, कडव्याआधी गायकाने घेतलेला श्वास, सगळं तिथेच. आणि इतक्या रागात, इतक्या वेगात असताना मधेच कुणीतरी एक साधी, गोड चाल वाजवून जाई. ती आली की ताईला खिडकीबाहेरचं काही दिसेनासं होई. एकदा तर तिचा थांबा मागे गेला.

घरी मात्र परीक्षक कडक होता. आई पलंगावर बसून बघे आणि तोंड वाकडं करी.

"अजून अर्जच भरतेयस," ती म्हणाली. "सरकारी."

"मग कसं करू?"

आई उठली. "तुझ्या मावशीने माझं शिलाई मशीन मला न विचारता देऊन टाकलं होतं, आठवतं? तेव्हा मी तिच्याशी कशी भांडले होते?"

ताईला चांगलंच आठवत होतं. त्या दिवशी आईचे हात हवेला चिरत होते आणि मावशी भिंतीला चिकटली होती.

"तसं," आई म्हणाली. "पायाच्या नखापासून भांड. आणि चेहरा झोपवू नकोस. चेहऱ्याशिवाय भांडण म्हणजे मिठाशिवाय भाजी."

मग आख्खा आठवडा मायलेकी रोज जेवणाआधी अर्धा तास दिवाणखान्यात भांडत. कशावरून तेही ठरवत नसत. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून.

कार्यक्रम शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर होता. संध्याकाळी सहाला सुरुवात. वादक चौघेही साठीला टेकलेले, केस पांढरे पण लांब. गायकाला सगळे भोंगा म्हणत, आणि हे नाव त्याला का पडलं ते विचारायची गरज नव्हती. ताईने त्याला आधी भेटून नमस्कार केला, तेव्हा त्याने तिच्याकडे साशंक नजरेने पाहिलं. काळे कपडे, चापूनचोपून बांधलेले केस, नाकावर चष्मा.

"झेपेल ना, ताई?" त्याने विचारलं. "आम्ही जरा जोरात असतो."

"मीही असते," ताई म्हणाली.

तिची जागा मंचाच्या डाव्या कोपऱ्यात होती. एक लाकडी चौथरा आणि वर एक दिवा. समोर कठड्यापाशी वेल्डर, त्याचे चार मित्र आणि सहावी आई. फाटकावर एका स्वयंसेवकाने आईला कापसाचे बोळे दिले होते, "आजी, कानाला जपा," म्हणून. आईने ते हसत हसत पर्समध्ये टाकले होते.

पहिल्या गाण्याला ताईचे हात आखडलेले होते. दुसऱ्याला सुटले. चौथरा तिच्या तळव्यांखाली पत्र्यासारखा थरथरत होता, आणि जे येत होतं ते पायांतून वर चढून हातांतून बाहेर पडत होतं. समोर वेल्डर डोकं घुसळत होता. त्याचे मित्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारत होते, आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्या मागची ऐकू येणारी माणसंही हळूहळू गायकाऐवजी डाव्या कोपऱ्याकडे बघायला लागली होती.

तिसरं गाणं 'साक्ष'. एकटी गिटार सुरू झाली. ताईने बोटं अलगद हवेत सोडली. आणि पहिला घणाघात झाला त्याच क्षणी तिच्या डोक्यावरचा दिवा गेला.

एव्हाना अंधारून आलं होतं. उरलेला मंच झगमगत होता आणि तिचा कोपरा काळाठिक्कर. काळे कपडे, काळा कोपरा, तिचे स्वतःचे हात तिलाच दिसेनात. तिने मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला हाक मारली. पण त्या आवाजात हाक कुठली पोचायला? खाली पाचही जण हात हलवत होते, दिसत नाही, दिसत नाही. ताईने क्षणभर विचार केला. कोर्टात असती तर ती थांबली असती, कुणी विचारेपर्यंत गप्प उभी राहिली असती.

ती चौथऱ्यावरून उतरली आणि सरळ मंचाच्या मधोमध चालत गेली. दिव्यांच्या झोतात, भोंग्याच्या समोर. दोन्ही हात वर करून तिने त्याला 'थांबा' अशी खूण केली. ती खूण सगळ्यांनाच कळते.

भोंगा थांबला. ड्रमरच्या काठ्या हवेत राहिल्या. हजारो माणसांचं मैदान एकदम चिडीचूप झालं.

"काय झालं, ताई?" भोंग्याने माईक बाजूला धरून विचारलं.

"माझा दिवा गेलाय. समोरच्या लोकांना ऐकू येत नाहीये." ताईचा आवाज चढला होता, आणि तिने तो खाली आणला नाही. "त्यांनीही तिकिटं काढलीयेत. हे गाणं तर त्यांचंच आहे. त्यांना सोडून तुम्ही हे गाणं म्हणूच कसं शकता?"

भोंग्याने तिच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. पाच माणसं आणि एक म्हातारी त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याने माईक तोंडाशी नेला.

"मंडळी, चूक आमची आहे," तो म्हणाला. "गाणं पहिल्यापासून होईल. आणि ह्या ताई माझ्या जागेवर उभ्या राहतील. मी आपला बाजूला." त्याने खरोखरच आपला माईक उचलला आणि चार पावलं सरकून उभा राहिला. मैदानाने एकच गलका केला.

पुन्हा एकटी गिटार. मग घणाघात. ताईची मूठ छातीशी आवळली गेली. दाबलेली तार. ती दाबत राहिली. पिंजऱ्यातला माणूस तिच्या खांद्यांत उभा राहिला, त्याचे अकरा महिने तिच्या दंडांत चढले. बंद दारं, पाठ फिरवून बोलणारी तोंडं, सही कर म्हणून पुढे सरकवलेले कागद. गाण्यात ह्यातलं काही शब्दशः नव्हतं, पण सगळं होतं. आणि मग धृपद फुटलं, 'ऐका, मी इथे आहे', आणि तिची मूठ उघडली.

ताई ओरडली. हातांनी, चेहऱ्याने, पायाच्या नखापासून. दोन मुठी छातीवर, मग दोन्ही तळवे उघडून पुढे. खाली वेल्डरने तेच केलं. त्याच्या मित्रांनी केलं. आई तर कठड्यावर ओणवी होऊन करत होती. दुसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा मागच्या रांगांनी ती खूण उचलली. तिसऱ्यांदा भोंग्याने माईक खाली केला. तो गायलाच नाही. गिटारी थांबल्या, फक्त दोन मोठे ड्रम दणाणत राहिले, आणि आख्खं मैदान, नजर पोचेल तिथपर्यंत, छातीवर मुठी आपटून हात उघडत होतं. तोंडातून कुणी एक शब्द काढत नव्हतं. वेल्डर मागे वळला आणि त्याने ते पाहिलं. जन्मभर ज्यांच्या ओठांकडे बघत तो जगला होता, ती सगळी माणसं त्याच्या भाषेत गात होती.

तो वळून ताईकडे बघायला लागला तेव्हा रडत होता आणि हसत होता. तिचंही तेच चाललं होतं, पण हात थांबले नाहीत. अजून दोन मिनिटांचं गाणं बाकी होतं, त्यात त्या दोन गिटारींचा जिना होता, आणि तो तिने असा चढला की वरच्या पायरीवर लीड गिटारवाला तिच्याकडे बघून मान झुकवून गेला. उरलेली सहा गाणीही तिने तिथूनच केली.

कार्यक्रम संपल्यावर मंचामागे ताई खुर्चीत बसली तेव्हा तिला पाण्याचा पेलाही उचलता येत नव्हता. वेल्डरने तो तिच्या ओठांशी धरला. भोंगा आला. त्याचा आवाज पार बसला होता, घशातून नुसती हवा येत होती. आईने त्याला बाजूला घेतलं आणि हातांनी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. तो गंभीरपणे मान डोलवत राहिला.

"काय म्हणतायत?" शेवटी त्याने ताईला घोगऱ्या कुजबुजीत विचारलं.

"पाचव्या गाण्याचा शेवट उगाच लांबवलात म्हणतेय."

भोंगा पोट धरून हसला. नुसताच हलत होता, आवाज नाही. "बरोबर आहे त्यांचं," तो कुजबुजला. मग ताईसमोर एक खोकं ओढून बसला. "अजून अकरा गावं आहेत. येणार?"

ताई खुर्चीत सरळ होऊन बसली. सव्वीस वर्षांत तिने कामासाठी कधी अट घातली नव्हती.

"येईन," ती म्हणाली. "दिवे दोन लागतील, आणि दुसऱ्याची वायर वेगळी. गाणी महिनाभर आधी हवीत. प्रत्येक गावात तिथल्या बहिऱ्या मंडळींना पुढची रांग. आणि हा," तिने वेल्डरकडे मान केली, "माझ्याबरोबर येणार. गाणं बसवणारा तो आहे, मी नाही."

तिने हेच वेल्डरला हातांनी सांगायचा प्रयत्न केला, पण खांदेच वर जाईनात. तेव्हा लेकीच्या ओठांवरून सगळं वाचलेल्या आईने ते काम हातात घेतलं. दोन्ही हात फिरवत, चेहरा खुलवत, तिने लेकीची एकेक अट वेल्डरला सांगितली, दिव्यांपासून पुढच्या रांगेपर्यंत. आणि मधेच, ताईच्या लक्षात आलं, एक स्वतःची घुसडून दिली: गाडीत खिडकीजवळची जागा आपली.